आईसाठी काढलेला दिवसभराचा पास

आई पहिल्यांदाच बीडहून मला भेटायला येणार होती, एका दिवसापुरती. नाक्यावरच्या बसवाल्याकडे वसई फिरवायचा पास मिळायचा: किल्ला, देवीचा डोंगर, गरम पाण्याची कुंडं, जेवण, शेवटी समुद्र. पास घेणं परवडतं का, याचाच मी कितीतरी दिवस विचार करत होते. पैशाने परवडत नव्हताच. पण सकाळी आईला घेऊन बसमध्ये बसलं की अंधार पडेपर्यंत आम्ही बाहेर, तिथून ती थेट रात्रीच्या गाडीला. माझी खोली बघायची वेळच येणार नाही.

वसईजवळच्या कळंबला, पर्यटकांच्या एका कॉटेजमध्ये मी स्वयंपाकाला आहे. खोली मागच्या अंगाला, पाण्याच्या मोटारीला लागून. खिडकी नाही. निम्म्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत, उरलेल्यात माझी खाट. पण ओळखपाळख नसताना मालकीणकाकूंनी ती फुकट दिली. नावं ठेवायला जीभ रेटत नाही. आई मात्र फोनवर म्हणायची, "जागा धड नसंल तर संगं घिऊन यीन." म्हणजे परत ऊसतोडीला. सातवीत शाळा सुटली ती त्याच्यापायीच.

काकूच म्हणाल्या, "काढ गं पास. आई काय रोज येते? पानी घे बरोबर."

किल्ला कसाबसा झाला. पुढे बसच्या काचा उघडेनात, आतला एसीचा गार वास आईला सोसेना. पदर तोंडाला लावून म्हणाली, "आजून किती दावायचं ऱ्हायलंय?"

"बरंच आहे. जेवण पण आहे पासात."

"मला न्हाई बाई बसवत. तू कुठं निजतीस तेवढं दाव."

बसवाला म्हणाला, "मावशी, पैसे परत मिळणार नाहीत हं."

"ऱ्हाऊ दे बाबा. तूच फिर त्याच्यावर."

रिक्षा करून तिला कॉटेजवर आणलं.

खोलीत आल्यावर तिने खुर्च्यांकडे बघितलंच नाही. दार ओढलं, कडी लावली, काढली, परत लावली, खांदा लावून दार रेटून पाहिलं.

"आतून लागतीया," म्हणाली.

तोडीवर आमच्या पाचटाच्या झोपडीला, कोपीला, दार म्हणजे लोंबतं पोतं. आख्खा हंगाम आई त्या पोत्याला पाठ लावून, तोंडाशी आडवी निजायची. मी तिच्या पलीकडे. का, ते कधी विचारावं लागलं नाही.

ती माझ्या खाटेवर आडवी झाली. आता न्यायचं नाव काढणार नाही, हे मला कळलं. आणि कधी ही खोली नकोशी झाली तरी आता इथून निघायला माझ्याकडे काही निमित्तही उरलं नाही, हेही.

मोटार सुरू झाली, भिंत थरथरायला लागली. जीव घुसमटून मी हळूच कडीकडे हात नेला.

"आसू दे लावलेली," ती डोळे मिटूनच म्हणाली. "बस हितं."

मी चळतीतली एक खुर्ची काढली आणि दाराला पाठ लावून बसले.