नागपूर, जबलपूर, कटनी आणि ब्रेक फ्लुइडचा एक डबा

सेकंडहँड मोटार घेतलेल्या माणसाला शहाणपण शिकवायला जाऊ नये, तो ऐकत नाही. मीही ऐकलं नाही. एकाहत्तर सालचा नोव्हेंबर होता, लढाई आज लागते की उद्या अशी हवा, आणि मी शाळेतून चार दिवसांची रजा टाकून एकटाच नागपूरहून जबलपूरला ताईकडे निघालो होतो. ताईचं पत्र आलं होतं. मधूची पलटण पूर्वेकडे चालली आहे, त्याची गाडी शनिवारी दुपारी चारला कटनीला थांबेल असं शेजारच्या रेल्वेतल्या काकांनी कानात सांगितलंय, तू मोटार घेऊन ये. असलं पत्रात लिहायचं नसतं, पण ताईला कोण सांगणार? मधू म्हणजे माझा भाचा, फौजेत ट्रक चालवतो. दीड वर्षात घरी आला नव्हता.

लखनादौनच्या पुढे उतार लागला आणि ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ पडायला लागलं. एकदा दाबलं की तळाला टेकायचं. तीनचारदा दाबलं की गाडी नाइलाजाने थांबायची. मी मुळीच घाबरलो नाही. म्हणजे एका म्हशीला घासून जाईपर्यंत घाबरलो नाही. बॉनेट उघडून बघतो तर ब्रेक फ्लुइडची डबी निम्मी रिकामी. सोबतच्या डब्यातलं ओतलं. त्या डब्याचं झाकण कधीच हरवलं होतं, म्हणून तोंडाला कागदाचा बोळा कोंबलेला होता. तोच परत कोंबला आणि शीळ घालत नर्मदेचा पूल ओलांडला.

ताईचे यजमान, आमचे भाऊजी, ट्रकच्या सरकारी कारखान्यात तपासनीस. त्यांनी पास म्हटल्याशिवाय तिथून ट्रक बाहेर पडत नाही, आणि घरी वरणसुद्धा पानात पडत नाही. मी खोव्याची जलेबी (खव्याची, काळपट, इथली खास) खात बसलो होतो तोवर ते माझी मोटार तपासून आले. हातात डबा होता.

"हा बोळा काहून लावला?"

"झाकण हरवलं."

"केव्हा?"

"दिवाळीच्या आधी."

त्यांनी डबा खाली ठेवला. "रिजेक्ट."

मग मला धडा मिळाला. मी मास्तर, पण त्या दिवशी बाकावर होतो.

"लोक याला तेल म्हणतात. तेल नाही हे, वसंता. तुझ्या पायाचा जोर चाकापर्यंत नेते हे. कितीही दाबा, दबत नाही, म्हणूनच काम करते. पण तहान भारी. तोंड उघडं राहिलं की हवेतलं पाणी पीत बसते. मग उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची होते वाफ, अन् वाफ दबते. तू पेडल दाबून राहिला, आत वाफ दबून राहिली, अन् चाकाला पत्ताच नाही. समझे?"

"समजलं. मग तुमच्या कारखान्यात पिंपं भरून असेल. एक वाटीभर आणा."

भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले. "ते फौजेचं आहे."

"मधूही फौजेचाच आहे," स्वयंपाकघरातून ताई म्हणाली.

"म्हणूनच," भाऊजी म्हणाले, आणि विषय संपला.

शनिवारी सकाळी आठला निघायचं ठरलं होतं. आठला आम्ही नेपियर टाउनात दुकानं पालथी घालत होतो. सगळीकडे एकच उत्तर, माल फौजेकडे जातो, भैया. ताई मागच्या सीटवर, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा, दर दुकानानंतर माझं मनगट वळवून घड्याळ बघत होती. मला तिची भीती वाटायला लागली. गाडी अशीच कटनीला नेऊ म्हटलं तर भाऊजींनी किल्ली काढून खिशात घातली, आणि गावातल्या गावात हळूहळू जायला तेवढी परत दिली.

शेवटी रफीक मिस्त्रीच्या आवारात एक सीलबंद डबा निघाला, तोही एका डॉक्टरसाहेबांसाठी राखलेला. मिस्त्रीने मान हलवली. तेव्हा ताई गाडीतून उतरली. "भैया, बेटे की गाड़ी चार बजे कटनी में रुकेगी। फिर पता नहीं कब।" मिस्त्री आत गेला आणि डबा घेऊन आला.

भाऊजींनी तो हातात घेतला, उलटा केला, सील नखाने खरवडलं, कानाशी हलवला. मिस्त्रीचा चेहरा बदलला.

"अहो, आता गप बसा," ताई म्हणाली.

पण गप बसणारे ते भाऊजी कसले. नुसतं ओतून चालणार नव्हतं. जुनं सगळं काढायचं, चारही चाकांतून, हवेचा बुडबुडा राहता कामा नये. मिस्त्री चाकाशी आडवा झाला, भाऊजी डबीवर नजर ठेवून उभे राहिले, मी जुनं झेलायला बाटली धरली. पेडल दाबायला कोण? नऊवारी सावरत ताई माझ्या जागेवर जाऊन बसली.

"दाब. धर. आता सोड."

"सोडलं."

"हळू सोड."

"चाळीस वेळा दाबून राहिले मी. लग्नात सुद्धा इतके हुकूम नाही सोडले तुम्ही."

मिस्त्री गाडीखाली हसला, माझा हात हलला आणि बाटलीतलं मडगार्डवर सांडलं. हा द्रव रंग खातो, ही माहिती मला तेव्हा मिळाली. मिस्त्रीने धावत पाणी ओतलं, तरी तळहाताएवढा रंग फुगून वर आलाच. माझा जीव हळहळला, पण ताईसमोर बोलायची सोय नव्हती.

निघायला एक वाजला. सिहोऱ्याच्या पुढे समोरचा ट्रक एकाएकी थांबला. मी पेडल दाबलं, ते दगडासारखं घट्ट लागलं आणि गाडी हातभर अंतरावर उभी राहिली.  भाऊजींनी नुसता चष्मा पुसला.

कटनीला पोचलो तर गाडी उभी होती. उघड्या वाघिणींवर ट्रक बांधलेले, आणि त्यांच्यापाशी मधू, काळवंडलेला, हसरा. मिळाली बारा मिनिटं. ताईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, लाडू दिले, पुन्हा हात फिरवला. भाऊजी जरा लांबून ट्रककडे बघत होते. शिट्टी झाली तेव्हा पुढे आले.

"ब्रेक कसे आहेत?"

"एकदम चांगले, बाबा."

"पेडल किती खाली जाते?"

"दोन बोटं."

"ठीक," भाऊजी म्हणाले आणि त्याचा खांदा धरला. गाडी हलली तरी सोडेनात. मधूनेच तो हळूच सोडवून घेतला.

 परतताना सिहोरा गेल्यावर भाऊजी म्हणाले, "वसंता, ब्रेक वाईट असते, तर त्यानं सांगितलं असतं का?"

 मागून ताई म्हणाली, "नसतं सांगितलं. पोटभर जेवतोस ना विचारलं, तर हो म्हणाला. मनगटं पाहिली मी त्याची." मग ती रडली. आम्ही दोघं पुरुष समोरचा रस्ता बघत राहिलो.

रविवारी सकाळी मी परत निघालो तेव्हा भाऊजी घरात नव्हते.

"आज तर त्यांना सुट्टी ना?"

"आहे की," ताई म्हणाली. "काल रजेवर होते ना. मी नसताना जे ट्रक पास झाले ते एकदा बघून येतो म्हणाले."

नागपूरपर्यंत समोरून कितीतरी फौजी ट्रक आले. आजवर मी ट्रककडे बघून बाजू देत असे. त्या दिवशी प्रत्येक वेळी चालवणाऱ्याचा चेहरा बघितला. बहुतेक सगळे मधूच्याच वयाचे होते.