परसातली चूल

कापसाच्या बैलगाडीवर बसून मी चांदूरजवळचं आमचं गाव सोडलं, तेव्हा माय चुलीपुढून उठलीच नाही. भाकरी करपेल म्हणाली. डोळे कशानं भरले विचारलं, तर धुरानं म्हणाली. मी ते खरं मानलं, कारण निघायची मलाच घाई होती. साता समुद्रांपलीकडे लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. वांगी-मेथी पिकवणाऱ्या माळ्याच्या पोरालाही अकोल्यात काम मिळत होतं.

मिळालं ते सरकी काढून गाठी बांधायच्या आवारात. तिथं हवा डोळ्यांना दिसायची. बारीक तंतू पापण्यांवर, मिशांवर, भाकरीवर बसायचे. जवान माणसं संध्याकाळी म्हातारी होऊन बाहेर पडायची. पुढे वाफेचं यंत्र आलं, आणि दगडी कोळशाच्या धुरानं दारात लावलेली माझी मेथी काळी पडली. जमिनीवर पाणी शिंपडलं की धूळ बसते, हे माळ्याला कुणी शिकवावं लागत नाही. मी शिंपडायला गेलो, तर मुकादम ओरडला, "काहून बे, कापूस भिजवून वजन वाढवून राहिला काय?" तशी लबाडी तेव्हा सर्रास चालायची, म्हणून माझा तांब्याच काढून घेतला. मग नाकाला ओलं फडकं बांधून दिवस काढले. खोलीत खोकला उसळला की पाणी घे म्हणणारं कुणी नसायचं. फार एकटं वाटायचं.

खोकला जाईना, म्हणून गावी गेलो. मायनं दार लावून कडुनिंबाची आणि ओव्याची धुरी दिली. आमच्या घरी बाळंतिणीपासून बैलापर्यंत सगळ्यांना हाच इलाज. माझा जीव घुसमटला. तिनंच मला ओढत अंगणात आणलं.

"माह्या धुरानं तुले असं होते?" एवढंच म्हणाली.

आता आवारातलं धुराडं उंच केलंय, खिडक्या मोठ्या पाडल्यात. नव्या पोरांना बरं आहे. गावचे लोक विचारतात, परत काहून येत नाही? माझ्यासारखे जे गाव सोडून गेले, ते विचारत नाहीत.

दिवाळीला जातो. मायनं परसात, पार कुंपणापाशी, दुसरी चूल मांडलीय. पदर धरून ती वारा बघते आणि मला पुढच्या ओट्यावर बसवते. पूर्वी तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात पडायची. आता माझ्यापर्यंत येईस्तोवर गार होते. ती गार भाकरी म्हणजेच माझं घर.

"धूर लागून नाही राहिला ना, बाबू?" ती मागून ओरडते.

"नाही वं माय," मी म्हणतो. डोळे भरून येतात, आणि धुराचं नाव सांगायचीही सोय उरलेली नाही.