बकरीभाऊंची शेवटची बकरी

बकरीभाऊ घराबाहेर पडण्याआधी दारातून फक्त नाक बाहेर काढायचे. दोनदा हुंगायचे, मग पाऊल टाकायचे. सालवडच्या आमच्या चाळीत वारा फिरला की कारखान्यांचे वासही फिरत, आणि कुठला वास नुसता मळमळवणारा, कुठला पळायला लावणारा, हे आम्हा सगळ्यांनाच थोडंफार कळायचं. भाऊंना मात्र वास नसला तरी भीती वाटे. "आज कायच वास नाय, मंजे कायतरी हाय," असं म्हणत ते परत आत वळत, आणि वहिनी त्यांच्या हातात डबा देऊन त्यांना चक्क ढकलून पहिल्या पाळीला पाठवत.

विजेला घाबरत, डॉक्टरला घाबरत, तार आणणाऱ्या पोस्टमनला घाबरत. माझ्या कुकरची शिट्टी झाली की भिंतीपलीकडून "बाय, काय झाला?" अशी हाक येई. रंगाच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे नखं कायम जांभळी. आणि हा असा माणूस लिहायचा काय, तर वाघांच्या गोष्टी. मी नव्याने लग्न होऊन आलेली, शाळेत शिकवणारी. मला तर हसूच आवरेना.

भाऊ मूळचे मनोरकडच्या डोंगरातले. लहानपणी गुरांमागे जायचे तेव्हा कातळावर रेघा ओढून वाघबकरी खेळायचे. चार वाघ, पुष्कळ बकऱ्या. शेजारच्या बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारता आली की वाघाने ती खाल्ली. बकऱ्यांनी चारही वाघांना कोंडलं की बकऱ्या जिंकल्या. या खेळातून भाऊंनी एक अख्खा मुलूख उभा केला होता. तिथली माणसं फक्त रेघांवरून चालतात, रेघेबाहेर पाय पडला तर खाली काहीच नाही. राज्य वाघांचं. वाघ उडी मारू शकतात, माणसांना एकेकच पाऊल टाकता येतं. भाऊ हे सांगायला लागले की माझं हसू कुठल्या कुठे जाई.

याचे पुष्कळ भाग काढायचे, वाघ कोंडले जाईपर्यंत, असा त्यांचा बेत होता. मुंबईच्या एका प्रकाशकाने कळवलं की हे मुलांसाठी आहे की मोठ्यांसाठी तेच समजत नाही. झालं, भाऊंनी ठरवलं की आपणच छापायचं. पालघरला लग्नपत्रिका छापणारा एक छापखाना होता, त्याच्या मालकाला गाठलं. सुट्टीच्या दिवशी शिरगावच्या किल्ल्याकडे माणसं येतात, तिथे गोणपाट अंथरून बसायचं ठरलं. "छापनार मी, इकनार मी, आन कोनी नाय घेतला त वाचनार पन मीच," म्हणाले. मालकाने पहिल्या पानांचे फर्मे जुळवायला घेतलेसुद्धा.

पण भाऊंची लिहिण्याची रीत जगावेगळी. आधी खेळायचं, मग लिहायचं. खोक्याच्या झाकणावर पट आखलेला. काळ्या दगडाचे चार तुकडे म्हणजे वाघ, ते भाऊंचे. शिरगावच्या किनाऱ्यावरून आणलेले पांढरे खडे म्हणजे बकऱ्या, त्या वहिनींच्या. पटावर जे घडेल तेच पुस्तकात. "खेलात मेला तो गोष्टीत मेला. आपन मधी पडायचा नाय." आणि वाघाला घास मिळत असेल तर त्याने तो खाल्लाच पाहिजे, सोडायचा नाही, हा त्यांच्या गावचा नियम.

चूक झाली ती नावांत. खोटं नाव दिलं तर खड्यात जीव येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक बकरीला चाळीतल्या माणसाचं खरं नाव दिलं, रीतसर विचारून. आमची तर चंगळच झाली. जो तो शूर शिपाई व्हायला तयार. मासळी घेऊन येणारी नर्मदामावशी म्हणाली, मला राणी कर, नायतर उद्यापासून बोंबील इसर. स्वतःचं नाव तेवढं भाऊंनी कुठल्याच खड्याला दिलं नाही. छातीच होईना.

पहिला गेला रामसूरतचा खडा. रामसूरत आमच्याच चाळीतला, बिहारकडचा, दिलखुलास गडी. आपण मेलो हे ऐकून तो पोट धरधरून हसला. "भाऊ, मुझे शेर ने खाया, अब तो पगार भी वही देगा," म्हणाला. त्याच आठवड्यात त्याच्या कारखान्यात उकळत्या टाकीचं झाकण उडालं. इस्पितळातून तो परत आलाच नाही.

 खडे आठवून चाळीत प्रत्येकाच्या मनात पाल चुकचुकलीच. भाऊंचं तर अन्न तुटलं. तेवढ्यात नर्मदामावशीची राणी वाघाने खाल्ली, आणि मावशी यायचीच बंद झाली. आम्ही बायका कान टवकारून तिच्या आरोळीची वाट बघत होतो. भाऊ दारात बसून रस्त्याकडे टक लावून असत. शेवटी एका सकाळी मावशी टोपली घेऊन ठणठणीत हजर. लेकीकडे गेली होती. आम्हाला सगळ्यांना असं उभं बघून विचारते, "काय गो, कोन मेला?" भाऊ घरात जाऊन रडले. वहिनी मला म्हणाल्या, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय. मलाही बरं वाटलं, पण रामसूरतची खोली रिकामीच होती.

आणि मग वाघ माझ्या खड्यापाशी येऊन बसला.

मला तेव्हा सातवा महिना होता. माझ्या एका बाजूला वाघ, पलीकडचं घर रिकामं. वाघाच्या पुढच्या चालीला मी गेले. सगळ्या बकऱ्या पटावर बसल्याशिवाय एकीलाही हलवायचं नाही, त्यामुळे पळायचीही सोय नाही. मी शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर धडा शिकवणारी बाई. नवऱ्याला म्हटलं, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आणि लगेच म्हटलं, तरी तुम्ही भाऊंकडे जा आणि तो पट मोडायला सांगा. खोटं कशाला बोलू, मी भयंकर घाबरले होते. पोटात बाळ हललं नाही की मला तो खडा दिसे.

भाऊंनी पट मोडला नाही. छापखान्याचा निरोपावर निरोप येत होता, पहिल्या भागाचं शेवटचं प्रकरण अडलं होतं. वहिनी म्हणाल्या, चाल फिरवा, कोण बघतंय? भाऊ म्हणाले, मग रामसूरत काय उगाच मेला? चार दिवस ते कामावरही गेले नाहीत. मग एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. पटाशेजारी एकच खडा उरला होता, बिननावाचा, वहिनींच्या हातातला शेवटचा. भाऊंनी तो मागून घेतला. खडा दोनदा त्यांच्या हातून खाली पडला. त्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि माझ्या पाठचं रिकामं घर भरून टाकलं.

"आता तुमच्यावरून उडी नाय मारता येत त्याला, बाय," म्हणाले. "नियमातच हाय."

मी खेळ न जाणणारी, तरी मला दिसलं. त्या खड्याच्या दुसऱ्या अंगाला दुसरा वाघ होता, आणि त्याच्यासमोर उडीला जागा मोकळी. आता पटावर घास एकच होता, आणि पाळी वाघाची. भाऊ घामाघूम होऊन उठले, पाणी प्यायले आणि झाकण उचलून पेटीखाली ठेवून आले. ती चाल त्यांच्याने खेळवली नाही.

पहिला भाग तिथेच थांबवून छापला. वाघ दबा धरून बसलेला, आणि पुस्तक संपलं. शिरगावला गोणपाटावर बऱ्यापैकी खपला. लोक विचारायचे, पुढचा कधी? भाऊ म्हणायचे, वाघाची पाली हाय. मला मुलगी झाली, धडधाकट. ती चालायला लागली, वाचायला लागली, तोवर भाऊ रोज दारातून नाक काढून हुंगतच होते. तिने तो भाग इतक्यांदा वाचला की पानं सुटली. एकदा तिने भाऊंना गाठून विचारलंच, "भाऊ, मग त्या माणसाला वाघाने खाल्लं की नाही?" भाऊ पांढरेफटक पडले. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेले.

पुढे त्यांच्या छातीने दगा दिला. धाप लागायची, बसल्या जागी. एका सकाळी वहिनींनी मला बोलावलं. पेटीखालचं झाकण भाऊंच्या अंथरुणापाशी आणलेलं होतं, खडे जिथल्या तिथे. भाऊंनी काळा दगड उचलला, पांढऱ्या खड्यावरून पलीकडे ठेवला, आणि आपल्या नावाचा खडा पटाबाहेर काढून मुठीत धरला. या वेळी खडा एकदाही पडला नाही. "पोरीला सांगा," म्हणाले, "पुढचा भाग मोकला झाला."

दोन दिवसांनी भाऊ गेले. दिवसकार्य झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेले, मुलगीही सोबत होती. वहिनींनी ते झाकण आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलं. माझ्या पाठचं भाऊंच्या खड्याचं घर पुन्हा रिकामं होतं, दुसरा वाघ त्याच्या पलीकडे बसला होता, आणि माझ्या नावाचा खडा होता तिथेच, पहिल्या वाघासमोर.

"आता बकरीची पाली हाय," वहिनी म्हणाल्या.

भाऊंच्या खड्याबरोबर सगळ्या बकऱ्या पटावर बसून झाल्या होत्या, म्हणजे आता हलायला मोकळीक होती. मी माझा खडा उचलला, आणि एक घर पुढे ठेवला.