शेजारणीचं नाव

पावसाळ्याआधी तापीकाठच्या आमच्या गावात पुराच्या धोक्याची पाहणी होती. आम्हा शिक्षकांना घरोघर पाठवलं. भिंती मातीच्या की विटांच्या, जोतं किती उंच, पाणी वाढलं तर निरोप कोण देणार, असे प्रश्न फॉर्मवर होते.

नदीकडच्या आळीत एक म्हातारी एकटी राहायची. कान जवळजवळ गेलेले. तिच्या कानाशी तोंड नेऊन मी मोठ्यानं विचारलं, "आजी, पाणी आलं तर तुम्हाला कळणार कसं?"

तिनं शेजारच्या घराकडे बोट दाखवलं. "ती शे ना."

शेजारीण ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. मी म्हटलं, "पुराचा निरोप द्यायला आजींनी तुमचं नाव सांगितलं."

तिचा हात थांबला. "मन्हं नाव? आमी तर बोलतस नही."

सांडपाण्याच्या नालीवरून सहा वर्षांपूर्वी भांडण झालं होतं, तेव्हापासूनचा अबोला. पण मागच्या पुरात पाणी ओट्याला लागलं, तेव्हा हीच गेली. म्हातारीचा हात धरून तिला शाळेपर्यंत चालवत नेलं. दोन दिवस दोघी एकाच सतरंजीवर झोपल्या. हिनं भाकरी मोडून तिच्यापुढे ठेवली, तिनं खाल्ली. शब्द मात्र कुणीच काढला नाही. पाणी उतरल्यावर हिनंच तिच्या घरातला गाळ काढला.

एवढं सांगून शेजारीण म्हणाली, "तिले सांगा, औषधं नि कागदं एक पिशवीम्हा ठेव. मांगला पूरम्हा शोधता शोधता उशीर व्हई गया."

मी निरोप पोचवला. म्हातारीनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोनती पिशवी, तिले इचार."

मी परत शेजारी गेले. "कोणती पिशवी, ते आता तुम्हीच त्यांना सांगा," मी म्हटलं.

ती उठली. मग तिखट हात धुतले, पदराला पुसले, आतून खताची एक जाड रिकामी पिशवी आणली आणि म्हातारीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माय, हाई घे. हाईम्हा पानी जास नही."

म्हातारीला त्यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. ती तिच्या ओठांकडे बघत राहिली. डोळे भरून आले. मग ती खाटेवर सरकली आणि शेजारची जागा हातानं थोपटली.

शेजारीण बसली. दोघी मिळून कागद काढू लागल्या. मी फॉर्मवर शेजारणीचं नाव लिहिलं आणि पुढच्या घराकडे निघाले.