सुजाताची शेवटची बॅच

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा माझा त्यावर विश्वासच बसला नाही. अनोळखी नंबर, रडवेला आवाज, घाईघाईचं बोलणं... हल्ली अशा फोनवर कोण विश्वास ठेवतं? कोण बोलतंय, कुठून बोलतंय, अशी उलटतपासणी मी घेत राहिले आणि पलीकडून तिचा सख्खा भाऊ सांगत होता, की ताईच्या छातीत दुखायला लागलं आणि कार्ल्याहून दवाखान्यात पोचायच्या आतच ती गेली. फोन ठेवल्यावरही मी तिचाच नंबर लावून पाहिला. माझा स्वभाव संशयी आणि कामही संशयाचंच.

कामशेतजवळच्या आमच्या छोट्याशा कंपनीत प्रयोगशाळांना लागणारी प्रथिनं तयार होतात. सुजाता ती बनवायची, मी तपासायची. एका मानवी एन्झाइमवर तिचा हात बसलेला होता. पेशीतल्या नकोशा प्रथिनांवर युबिक्विटिन नावाची खूण चिकटते आणि मग त्यांची विल्हेवाट लागते. हे एन्झाइम ती खूण काढून टाकतं. त्याचं माणसातलं जनुक जिवाणूत घालून ती ते बनवून घ्यायची, शुद्ध करायची आणि इवल्याशा नळ्यांत भरून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायची. वितळून पडून राहिलं की ते कामातून गेलंच. मला तिचाही संशय यायचा. सगळ्यांच्या बॅचा कधी ना कधी फसतात, हिची एकही कशी नाही? निवडक नळ्याच माझ्याकडे येत असणार, असं वाटून मी स्वतः फ्रीजर उघडून मनाला येईल ती नळी उचलायची. ती हसायची. "उचल. मी तुझ्या जागी असते तर दोन उचलल्या असत्या."

तिला जाऊन काही आठवडे झाले आणि एका प्रयोगशाळेची तक्रार आली. ती गेल्यावर आम्ही पाठवलेलं, तिच्या शेवटच्या बॅचमधलं एन्झाइम कामच करत नव्हतं. मी तपासलं. एन्झाइमनं खूण तोडली की नमुना चमकतो. तो चमकला नाही. पण हीच बॅच तिच्या हयातीत मी तपासली होती आणि तेव्हा ती झकास चमकली होती! साहेबांनी बैठक घेतली. "शेवटी शेवटी तिचं कामात लक्ष नसणार," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, "मैत्रिणीच्या मालाला पास करताना होतं थोडं इकडंतिकडं." सगळ्यांनी माना हलवल्या. मेलेलं माणूस काही उलटून बोलत नाही. मला भयंकर राग आला. हे बोलणं कार्ल्यापर्यंत, तिच्या आईच्या कानापर्यंत गेलं, याचा तर त्याहून जास्त.

पुढे नव्या माणसासाठी फ्रीजरमधला तिचा कप्पा रिकामा करताना मागच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा एक कप सापडला. आत गोठलेलं पाणी, तळाशी निळ्या रंगाचा लोखंडी नट. कचरा म्हणून टाकणारच होते, पण थांबले. कप्प्यात एक फाटकं लेबल खपवून न घेणारी बाई असला जुनाट नट कशाला ठेवेल? मग लख्ख कळलं. मावळातल्या विजेवर तिचा काडीचा भरवसा नव्हता. आधी पाणी गोठवायचं, मग बर्फावर नट ठेवायचा. फ्रीजर बंद पडून बर्फ वितळला तर नट बुडणार. वीज परत आली की पडद्यावर पुन्हा उणे ऐंशी दिसेल, पण नट तळालाच राहील. आणि तो तळालाच होता. बॅच तिच्या हयातीत चमकली होती, म्हणजे बर्फ वितळला तो ती गेल्यावर, आणि त्यानंतर कंपनी सलग बंद राहिली ती एकदाच.

मी साहेबांना विचारलं, "तिच्या अंत्यविधीला निघताना कुलूप कुणी लावलं होतं?" त्यांनी खिशातला किल्ल्यांचा जुडगा बाहेर काढला. "मीच. मेन पण पाडला वाटतं... कुलूप लावताना हात आपोआप जातो. दुखवट्याच्या सुट्टीनंतर येऊन चालू केला." इकडे सगळेच असं करतात, निघताना मेन स्विच खाली. फ्रीजरचा मेन वेगळा ठेवा म्हणून ओरडणारी एकटी सुजाता होती, आणि आम्ही तिलाच पोचवायला निघालो होतो. साहेबांना हे तेव्हाच आठवलं की आधीपासून माहीत होतं? मला अजून शंका आहे. तक्रारीचं उत्तर मात्र मी त्यांच्याकडून माझ्यासमोर लिहून घेतलं.

नंतर कार्ल्याला गेले. तिची आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तुमच्या मुलीचं काही चुकलं नव्हतं, असं मी सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"मला बरं वाटावं म्हून सांगताय व्हय?"

"नाही मावशी, खरंच."

"समदी आसंच म्हनत्यात. मानूस गेल्यावर कोन वाईट बोलतंय? माघारी काय बोलत्यात ते ऐकलंय मी."

मी पर्समधून तो नट काढून तिच्या हातावर ठेवला आणि कपाची सगळी हकिगत सांगितली. ऐकता ऐकता तिनं तो पदरानं पुसला, उजेडात धरला, निळ्या रंगावरून नख फिरवलं.

"ह्यो आमच्या पंपाचा हाय," ती म्हणाली. "मीच रंगवलाता. लय हुडकला म्या..."

आणि मग ती रडली.