बाबांनी केलेली पिन

आमच्या बाबांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढणं कोणाच्या बापाला जमायचं नाही, आणि इथे तर बापच तो! फॅक्टरीत घणाच्या खात्यात तीस वर्षं काढून ते रिटायर झाले, तेव्हा उजवा कान पार गेलेला होता. डावाही वर्ष-दोन वर्षांत जाईल, असं डॉक्टरनं सांगितलं. मी घरी येऊन रडत बसले.

"रडून काहून राहिली? एक कान आहे ना अजून," बाबा म्हणाले. मग हळूच म्हणाले, "हा जायच्या आधी मले एकदा ती वीणा ऐकायची आहे."

ती वीणा म्हणजे भगवंतांनी एका भिक्खूला जिचा दाखला दिला ती. तार फार ताणली तरी सुरात वाजत नाही, सैल सोडली तरी नाही. आमच्या विहारातल्या चित्रात तिला दोन भोपळे आहेत. पण कंबोडियाला जाऊन आलेले भंतेजी म्हणाले, त्या काळची वीणा अशी नव्हतीच. ती धनुष्यासारखी वाकडी, खाली कातड्यानं मढवलेलं खोड. आपल्याकडून ती समुद्रापार गेली, तिथल्या देवळांच्या भिंतींवर कोरली गेली, तिथं तिला पिन म्हणू लागले. पुढे इकडे आपण तिला विसरलो आणि तिकडेही ती वाजायची थांबली. आता आता तिथल्या लोकांनी भिंतीवरची चित्रं पाहून ती नव्यानं घडवली. भंतेजींनी बाबांना त्या भिंतीचा फोटो दिला आणि झालं!

"त्यांनी भिंत पाहून केली, मी फोटो पाहून करतो."

"बाबा, तुम्ही लोखंड ठोकणारे. घरातल्या खुर्चीचा पाय तरी कधी बसवला का?"

ऐकू आलं नाही म्हणाले. हे एक बरं आहे त्यांचं.

लाकूड कोरून झालं. आमच्या शहरातल्या गोहलपूर मोहल्ल्यातल्या ढोलकवाल्याकडे आम्ही ते मढवायला नेलं. बाबांनी वीणेचं हिंदी केलं, "बीन बना रहा हूँ, भैया." तो म्हणाला, "सपेरे वाली?" मी हसून हसून बेजार झाले. मढवून दिलं त्यानं, पण घरी तारा बांधून जरा ताणल्या की कातडं टर्रकन फाटायचं. दोनदा फाटलं. तारा कातड्यापर्यंत येतात एवढं फोटोत दिसत होतं. आत त्या कशाला बांधतात, ते भिंत कोरणाऱ्यानं कुठून कोरावं? तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ढोलकवालाच म्हणाला, "अंकलजी, मंडला तरफ के एक परधान बाबा ऐसा ही बाजा मढ़वाने लाए थे."

परधान म्हणजे गोंडांच्या घरोघरी त्यांच्या पूर्वजांच्या कथा गाणारे. पत्ता काढत, बसनं त्या म्हाताऱ्याच्या गावी गेलो. त्याचा बाजा खाटेवर पडला होता. तसाच वाकडा, पाच तारांचा. नाव काय, तर बीनबाजा! बाबा एकदा फोटो बघत, एकदा खाट. म्हाताऱ्यानं आमचं फाटकं काम हातात घेतलं आणि म्हणाला, "दादा, इसमें हड्डी कहाँ है?" मग दाखवलं. कातड्याखाली बांबूची एक काडी ओवायची आणि तारा तिला बांधायच्या. बस, एवढंच.

त्यानं बाजा वाजवून दाखवला. बाबा डावा कान पुढे करून बसले होते. "कसा वाटला?" मी विचारलं. "बसची घरघर कानात आहे अजून," म्हणाले आणि भलतीकडे पाहू लागले. डॉक्टरनं दिलेलं वर्षही अजून सरलं नव्हतं.

काडी घातली, कातडं टिकलं. एका सकाळी अंगणात बाबांनी पहिली, बारीक तार छेडली.

"वाजली?"

"वाजली, बाबा."

दुसरी, तिसरी, चौथी. दर वेळी तेच विचारायचे. त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. शेवटची जाड तार छेडली आणि ते एकदम ओरडले, "आली! पोरी, हे आली!" डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि बोट काही थांबेना.

त्या तारेची गाठ सरकली होती. तार सैल पडून म्हशीसारखी खर्जात हंबरत होती, बाकी चौघींशी तिचं काही म्हणजे काही जुळत नव्हतं. बाबांनी गाठीला हात घातला.

"बरोबर लागली ना? का ताणू अजून थोडी?"

मी त्यांचा हात धरला आणि डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "एकदम बरोबर आहे, बाबा. तिले आता हातच लावू नका."