रांजणातली बाटली

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास मी तिथे कृषी खात्यात होतो. द्राक्षांच्या अभ्यासासाठी सरकारी खर्चाने फ्रान्स बघून आलो होतो, त्यामुळे माझे पाय जमिनीला लागत नव्हते. बोर्दोजवळच्या एका जुन्या द्राक्षमळ्यात आम्हाला नेलं होतं. दगडी हवेली, खडकाळ माती, आणि मुळं खोल जावीत म्हणून वेलींना पाणीच न देण्याची पिढ्यांची रीत. तळघरात ओकच्या पिंपांतून लाल वाईन मुरत पडलेली. निघताना मालकाने एक बाटली दिली आणि बजावलं, ही गरम पिऊ नका, तळघराइतकी गार हवी. हे सगळं मी भेटेल त्याला ऐकवून अक्कल पाजळायचो.

लातूरच्या उन्हाळ्यात तळघर कुठून आणणार? त्यात दुष्काळ, टँकर चार दिवसांनी यायचा. घरी फ्रिज नव्हता, आणि संध्याकाळी नवे साहेब जेवायला येणार होते. त्यांच्यावर छाप पाडायची म्हणून मी बाटली सरळ रांजणात बुडवली. "अहो, पिण्याचं पाणी हाय ते," बायको म्हणाली. मी ऐकलं नाही.

दुपारी जळकोटहून वडील आले, न कळवता. आजोबा दारूपायी गेलेले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून वडील रोज सकाळी पंचशील म्हणत आणि ते, त्यातलं दारू न शिवण्याचं शील तर विशेष, अक्षरशः पाळत. त्यांनी रांजणात तांब्या घातला, पोटभर पाणी प्यायले. दुसऱ्यांदा घातला तो काचेवर आपटला.

"हे काय हाय रे?"

"औषध आहे बाबा. द्राक्षासव."

"मग झाकून ठिव. लेकरं हात लावतील."

खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही, याची आजही लाज वाटते.

संध्याकाळी साहेबांनी बूच काढलं, वास घेतला आणि ओसरीवरच्या वडिलांना हसत विचारलं, "बाबा, फ्रान्सची दारू चाखता का? पोरानं खास आणलीय तुमच्या."

वडिलांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग रांजणाकडे. चिडले असते तर बरं झालं असतं. "न्हाई साहेब, आम्ही घेत न्हाई," एवढंच म्हणाले आणि पिशवी उचलून एसटी स्टँडकडे निघाले. मी साहेबांचा ग्लास भरत होतो. उठलो नाही.

त्यानंतरही ते येत राहिले, नातवंडांसाठी. पण दुष्काळातल्या गावाहून, एसटीतून, आपल्यापुरतं पाणी डब्यात भरून आणायचे. बायकोने तांब्या पुढे केला की तिला वाईट वाटू नये म्हणून हळूच म्हणायचे, "ऱ्हाऊ दे बाई, हाय माझ्यापाशी."